दीर्घायुष्य आणि आरोग्य : अमेरिकेतील वृद्ध हिस्पॅनिक स्थलांतरितांचे वार्धक्य

प्रस्तावना :

एखाद्या समाजाच्या आरोग्याचे सर्वांत परिचित माप म्हणजे त्या समाजातील माणसांचे सरासरी आयुर्मान होय. आयुर्मान वाढले म्हणजे आरोग्य सुधारले, असे आपण सहजपणे गृहीत धरतो. त्याचप्रमाणे ज्यांना उत्पन्न, शिक्षण आणि वैद्यकीय सेवा अधिक प्रमाणात मिळतात ते अधिक काळ जगतात, हाही समाजशास्त्रातील व वैद्यकातील एक स्थिर सिद्धांत मानला जातो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील हिस्पॅनिक समाजाने या दोन्ही गृहीतकांपुढे प्रश्नचिन्ह उभे केले आहे. या समाजाचे सरासरी उत्पन्न व शिक्षण तेथील गौरवर्णीयांपेक्षा कमी आहे आणि आरोग्यविमा नसलेल्यांचे प्रमाण अधिक आहे. तरीही त्याचे आयुर्मान जास्त आहे. २००६ या वर्षासाठी तेथील राष्ट्रीय आरोग्य सांख्यिकी केंद्राने हिस्पॅनिक समाजाची स्वतंत्र आयुर्मान सारणी प्रथमच तयार केली. तीनुसार जन्मवेळचे अपेक्षित आयुर्मान हिस्पॅनिकांचे ८०.६ वर्षे, हिस्पॅनिकेतर गौरवर्णीयांचे ७८.१ वर्षे, तर हिस्पॅनिकेतर कृष्णवर्णीयांचे ७२.९ वर्षे होते.

अभ्यासक या वस्तुस्थितीला 'हिस्पॅनिक विरोधाभास' असे म्हणतात. मृत्यू उशिरा येतो याचा अर्थ वार्धक्य निरोगी जाते असा होतो काय, आणि ही जास्तीची वर्षे वृद्ध स्थलांतरित कशा स्थितीत व कोणाच्या आधारावर जगतात, या दोन प्रश्नांचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न केला आहे. हे प्रश्न केवळ तात्त्विक नाहीत. एखादा गट आपोआपच दीर्घायुषी आहे असे एकदा ठरले की त्याच्या आरोग्यावर खर्च करण्याची निकड कमी भासू लागते. त्यामुळे आकडा कसा वाचावयाचा यावर लक्षावधी वृद्धांच्या औषधोपचाराचा प्रश्न काही अंशी अवलंबून राहतो.

'हिस्पॅनिक' ही संज्ञा :

विवेचनास प्रारंभ करण्यापूर्वी संज्ञेचा विचार करणे आवश्यक आहे. 'हिस्पॅनिक' हे एका देशाचे, वंशाचे किंवा वर्णाचे नाव नाही. १९७७ मध्ये संघीय सरकारने सांख्यिकीच्या सोयीसाठी हा वर्ग अधिकृतपणे निश्चित केला आणि १९८० च्या जनगणनेत तो सर्वांना विचारण्यात आला. मेक्सिको, क्यूबा, प्वेर्तो रिको, डोमिनिकन प्रजासत्ताक, मध्य व दक्षिण अमेरिका अशा स्पॅनिश वारशाच्या प्रदेशांतून आलेले लोक आणि त्यांचे वंशज या एका नावाखाली मोजले जातात. २०२० च्या जनगणनेनुसार त्यांची संख्या ६ कोटी २१ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या १८.७ टक्के होती.

या नावाखाली अगदी भिन्न इतिहास एकत्र आलेले आहेत. मेक्सिकोतून आलेल्या वृद्धांच्या पिढीमागे १९४२ ते १९६४ या काळातील 'ब्रासेरो' कार्यक्रमाचा वारसा आहे. या कार्यक्रमाखाली शेतमजुरीचे सुमारे ४६ लाख करार झाले. क्यूबातून १९५९ च्या क्रांतीनंतर प्रथम सुस्थित वर्गातील लोक आले आणि १९८० मध्ये मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख लोक आले. १९६६ च्या स्वतंत्र कायद्याने क्यूबन लोकांना कायम निवासाचा मार्ग सुलभ करून दिला. मेक्सिकन मजुरांसाठी असा स्वतंत्र कायदा झाला नाही. प्वेर्तो रिकोचे लोक तर १९१७ पासून अमेरिकेचे नागरिकच आहेत; त्यांना कायद्याच्या भाषेत स्थलांतरित म्हणता येत नाही. वार्धक्यात कोणाला निवृत्तिवेतन मिळते, कोणाला विमा मिळतो आणि कोण या दोहोंपासून वंचित राहतो, हे बऱ्याच अंशी या इतिहासांनीच ठरवलेले आहे.

आरोग्याच्या बाबतीतही हीच भिन्नता दिसून येते. न्यूयॉर्कमधील ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सॅन दिएगो या चार ठिकाणी २००८ ते २०११ या काळात १६,४१५ हिस्पॅनिक प्रौढांची तपासणी करण्यात आली. या अभ्यासात मधुमेहाचे प्रमाण मेक्सिकन वंशाच्या व्यक्तींमध्ये १८.३ टक्के, तर दक्षिण अमेरिकन वंशाच्या व्यक्तींमध्ये १०.२ टक्के आढळले. एकाच सरासरी आकड्यात हा फरक लोपून जातो.

विरोधाभासाचा शोध आणि त्याची स्पष्टीकरणे :

किरियाकोस मार्किडीस आणि जनीन कोरील या अभ्यासकांनी १९८६ मध्ये नैर्ऋत्य अमेरिकेतील हिस्पॅनिकांच्या आरोग्याचा आढावा घेताना 'साथरोगशास्त्रीय विरोधाभास' हा शब्दप्रयोग केला. आर्थिक स्थिती कृष्णवर्णीयांच्या जवळपास असूनही अनेक आरोग्य-निर्देशांकांत हा समाज गौरवर्णीयांच्या जवळ आहे, असे त्यांनी दाखवून दिले. त्यानंतरच्या काळात या कोड्याची मुख्यतः चार स्पष्टीकरणे पुढे आली.

पहिले स्पष्टीकरण निवडीचे आहे. सीमा ओलांडून परमुलखात कष्टाचे काम करण्यास जो निघतो तो बहुधा तरुण, धडधाकट आणि धाडसी असतो. आजारी माणूस गावीच राहतो. म्हणजे तुलना दोन समाजांची होत नसून, एका संपूर्ण समाजाची दुसऱ्या समाजातील निवडक निरोगी माणसांशी होते.

दुसरे स्पष्टीकरण परतीचे आहे. साल्मन मासा आयुष्याच्या अखेरीस आपल्या जन्माच्या नदीकडे परततो, त्यावरून या प्रवृत्तीला 'साल्मन परिणाम' असे नाव मिळाले. म्हातारपणी आजारी पडलेला स्थलांतरित मायदेशी परतला आणि तेथे वारला, तर त्याचा मृत्यू अमेरिकेच्या नोंदीत येत नाही आणि तेथील मृत्युदर कमी दिसतो. या कल्पनेची परीक्षा १९९९ मध्ये एका वेगळ्या मार्गाने घेण्यात आली. क्यूबन लोक राजकीय कारणांमुळे सहसा परत जाऊ शकत नव्हते आणि प्वेर्तो रिकोतील मृत्यू अमेरिकेच्या नोंदीत येतात. तरीही या दोन्ही गटांत मृत्युदर कमीच आढळला. यानंतर २००४ मध्ये अल्बेर्तो पालोनी व एलिझाबेथ एरियास यांनी उलट प्रतिपादन केले. त्यांच्या मते हा लाभ मुख्यतः परदेशात जन्मलेल्या मेक्सिकन व अन्य काही गटांपुरता मर्यादित असून मेक्सिकनांच्या बाबतीत परतीचे स्थलांतर हेच त्याचे कारण होय. २००८ मध्ये सोशल सिक्युरिटीच्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की, साल्मन परिणाम खरा आहे, परंतु संपूर्ण फरक समजावून सांगण्याइतका तो मोठा नाही.

तिसरे स्पष्टीकरण धूम्रपानाचे आहे आणि ते अधिक ठोस म्हणावे लागेल. मेक्सिकन स्थलांतरितांच्या या पिढीने, विशेषतः स्त्रियांनी, गौरवर्णीय अमेरिकनांपेक्षा पुष्कळ कमी धूम्रपान केले. २०११ नंतर प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार प्रौढ वयातील मृत्युदराच्या फरकाचा मोठा वाटा या एकाच गोष्टीतून उलगडतो. यात जनुकांचे किंवा संस्कृतीचे कोणतेही गूढ नाही.

चौथे स्पष्टीकरण सामाजिक आधाराचे आहे. मेक्सिकन वस्तीचे प्रमाण जेथे अधिक आहे अशा मोहल्ल्यांत, म्हणजे 'बारिओ'मध्ये, राहणाऱ्या वृद्धांचा मृत्युदर तुलनेने कमी असल्याचे २००४ मधील एका अभ्यासात आढळले. असे मोहल्ले गरीब असतात. परंतु तेथे आपली भाषा बोलणारा दुकानदार, ओळखीचे चर्च आणि दार वाजवून विचारपूस करणारे शेजारी असतात.

या चारही कारणांचा काही ना काही वाटा असावा, असे म्हणणे सयुक्तिक ठरेल. मात्र एक गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे. ही चारही स्पष्टीकरणे मृत्यूची आहेत. जिवंत माणसाच्या प्रकृतीविषयी ती फारसे काही सांगत नाहीत.

जास्तीची वर्षे आणि त्यांची गुणवत्ता :

वृद्ध मेक्सिकन-अमेरिकनांच्या प्रकृतीचा सर्वांत दीर्घ अभ्यास १९९३-९४ मध्ये सुरू झाला. टेक्सास, कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको, ॲरिझोना आणि कोलोरॅडो या पाच राज्यांतील ६५ वर्षांवरील ३,०५० व्यक्तींची त्यासाठी निवड करण्यात आली आणि पुढे अनेक वर्षे त्यांच्या घरी जाऊन पुनःपुन्हा मुलाखती घेण्यात आल्या. अशा अभ्यासांत काही साधे प्रश्न विचारले जातात. अंघोळ स्वतः करता येते काय, कपडे स्वतः घालता येतात काय, पलंगावरून उठून खुर्चीत बसता येते काय, खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालता येते काय? या प्रश्नांच्या उत्तरांतून आयुष्याचे दोन भाग पाडता येतात : स्वावलंबनाची वर्षे आणि परावलंबनाची वर्षे.

या मापाने पाहिले असता विरोधाभास जवळजवळ मावळतो. मृत्युदरातील लाभ परावलंबित्वाच्या बाबतीत आढळतो काय, या प्रश्नाला २०१४ मध्ये मार्क हेवर्ड व सहकाऱ्यांनी दिलेले उत्तर नकारार्थी आहे. हिस्पॅनिक वृद्धांना, विशेषतः स्त्रियांना, जी जास्तीची वर्षे मिळतात त्यांपैकी बरीच वर्षे शारीरिक मर्यादा सोसत घालवावी लागतात. आयुष्य लांबले; पण त्यातील आजारपणाचा भागही लांबला.

याची कारणे त्यांच्या श्रमाच्या इतिहासात शोधावी लागतात. कॅलिफोर्नियाच्या शेतांत आखूड दांड्याचे कुदळवजा अवजार वापरले जाई. मजूर त्याला 'एल कोर्तितो' म्हणत. ते हाती घेतले की दिवसभर कमरेत वाकूनच काम करावे लागे आणि मजूर वाकलेला आहे की उभा, हे मुकादमाला दुरूनही दिसे. पाठीच्या कण्याला होणाऱ्या कायमच्या इजेमुळे १९७५ मध्ये त्या राज्यात या अवजारावर बंदी आली. मात्र तोपर्यंत ज्यांच्या पाठी वाकल्या होत्या, ते मजूर १९९० नंतरच्या दशकांत वृद्ध झाले. तरुणपणी निरोगी म्हणून निवडला गेलेला देह पुढे कष्टात झिजतो. निवडीचा लाभ आणि श्रमाची झीज हे दोन्ही एकाच शरीरात एकत्र नांदतात.

दुसरे कारण मधुमेह होय. हा आजार लगेच मारत नाही. तो दृष्टी, मूत्रपिंड, पायांच्या नसा आणि रक्तवाहिन्या यांना सावकाश निकामी करतो. म्हणून मृत्युदराच्या आकड्यात तो उशिरा आणि परावलंबित्वाच्या आकड्यात लवकर दिसतो. मेंदूच्या आरोग्याशीही त्याचा संबंध आहे. सॅक्रामेंटो परिसरातील ६० वर्षांवरील लॅटिनो व्यक्तींचा अभ्यास १९९८ मध्ये सुरू झाला. या समाजातील स्मृतिभ्रंशाचा मोठा भाग मधुमेह व पक्षाघात यांच्याशी निगडित असल्याचे त्यातून पुढे आले. हे दोन्ही आजार वेळीच उपचार केल्यास आटोक्यात ठेवता येतात, ही बाब येथे विशेष महत्त्वाची आहे.

स्मृतिभ्रंशाच्या निदानात आणखी एक अडचण येते. स्मृतीची तपासणी करणाऱ्या प्रश्नावल्या शाळेत गेलेल्या माणसाला समोर ठेवून तयार केलेल्या असतात. शंभरातून सात-सात वजा करत जा, एखादा शब्द उलटा लिहा, अशा कसोट्या ज्याने तीन-चार वर्षेच शाळा पाहिली त्याला निरोगी असतानाही कठीण जातात. परिणामी काहींना नसलेला आजार चिकटवला जातो, तर काहींची खरी लक्षणे 'शिक्षण कमी आहे' म्हणून दुर्लक्षिली जातात.

स्थलांतराचे वय :

वृद्ध स्थलांतरित हा एकसंध वर्ग नाही. तरुणपणी येऊन परदेशात म्हातारे झालेले आणि म्हातारपणीच परदेशात आलेले, असे त्याचे दोन स्पष्ट भाग पडतात. रोनाल्ड एंजल, जॅकलीन एंजल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये वृद्ध मेक्सिकन स्थलांतरितांच्या अभ्यासातून असे दाखवले की, पन्नाशीनंतर आलेली व्यक्ती कुटुंबावर अधिक अवलंबून असते आणि मुलांच्या घरीच राहण्याची शक्यताही अधिक असते.

यामागील कार्यकारणभाव उघड आहे. विशीत आलेल्या मजुराने चाळीस वर्षे कष्ट केलेले असतात. त्याची प्रकृती झिजलेली असली तरी बहुधा त्याचा कामाचा इतिहास असतो, थोडीफार इंग्रजी येत असते आणि रस्ते परिचयाचे असतात. मुलांनी बोलावून घेतलेल्या साठीच्या आईजवळ यांपैकी काहीच नसते. वाहन चालवता येत नाही, बसमार्ग नाही, दूरध्वनीवरील आवाज समजत नाही. ती नातवंडे सांभाळते, स्वयंपाक करते आणि दिवसभर घरात एकटी असते. स्थानिक भाषा व रीतिभाती यांच्याशी ज्यांचा परिचय कमी आहे अशा वृद्धांमध्ये नैराश्याची लक्षणे अधिक आढळतात, असे सॅक्रामेंटोच्या अभ्यासात दिसून आले आहे. ही माणसे डॉक्टरांपुढे 'मन उदास आहे' असे क्वचितच म्हणतात. 'नेर्वियोस' म्हणजे नसांचा त्रास, असा शब्द वापरतात किंवा डोकेदुखी, छातीतील धडधड, झोप न येणे यांची तक्रार करतात. आपल्याकडील वृद्धा ज्याप्रमाणे 'जिवाला बरे वाटत नाही' एवढेच म्हणते, त्याच जातीचा हा उद्गार होय.

कायदा आणि विमा :

अमेरिकेत ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी 'मेडिकेअर' आणि अल्प उत्पन्न गटासाठी 'मेडिकेड' या दोन सार्वजनिक विमायोजना १९६५ च्या कायद्याने निर्माण झाल्या. मेडिकेअरचा रुग्णालयविषयक भाग विनाहप्ता मिळण्यासाठी स्वतःची किंवा जोडीदाराची सुमारे दहा वर्षांची करपात्र नोकरी नोंदलेली असावी लागते. हीच अट सोशल सिक्युरिटीच्या निवृत्तिवेतनालाही आहे. शेतमजूर आणि घरकाम करणारे यांना १९३५ च्या मूळ सोशल सिक्युरिटी कायद्यातून वगळण्यात आले होते. १९५० च्या दशकात त्यांचा समावेश झाला. तरीही रोख मजुरी देऊन नोंद न ठेवण्याची प्रथा पुढे चालूच राहिली. दुसऱ्या बाजूला, कागदपत्रांविना काम करणाऱ्या अनेकांच्या वेतनातून हा कर कापला जातो. परंतु त्यांना त्याचा लाभ घेता येत नाही.

ज्यांच्याजवळ दहा वर्षांची नोंद नाही अशा कायम रहिवाशांना पाच वर्षांच्या सलग वास्तव्यानंतर मेडिकेअर विकत घेता येते. मात्र ज्यांची कामाची नोंद अगदीच अल्प आहे त्यांना केवळ रुग्णालयविषयक भागासाठी दरमहा ५०० डॉलरांहून अधिक हप्ता भरावा लागतो. गरिबांसाठीच्या मेडिकेडचे दारही १९९६ च्या कल्याण-सुधारणा कायद्याने बहुतेक नव्या कायम रहिवाशांना पहिली पाच वर्षे बंद केले. याच कायद्याने वृद्ध व अपंग गरिबांना मिळणारे रोख साहाय्यही बहुसंख्य अनागरिकांसाठी थांबवले. जे ते आधीपासून घेत होते त्यांना १९९७ मध्ये ते पूर्ववत करण्यात आले. त्यामुळे नागरिकत्व हा भावनेपेक्षा औषधपाण्याचा प्रश्न बनला. पन्नाशी उलटलेल्या व वीस वर्षे कायम निवास केलेल्या, तसेच पंचावन्न वर्षांवरील व पंधरा वर्षे कायम निवास केलेल्या अर्जदारांना नागरिकत्वाची परीक्षा आपल्या भाषेत देता येते. परंतु उशिरा आलेल्यांना या सवलतीपर्यंत पोहोचण्यासही दीर्घ काळ थांबावे लागते.

कायद्याची ही चौकट स्थिर नाही, हेही नमूद केले पाहिजे. सरकारी मदत घेणाऱ्यास कायम निवास नाकारण्याच्या नियमाची व्याप्ती २०१९ मध्ये वाढवण्यात आली आणि २०२१ मध्ये तो विस्तार रद्द झाला. दरम्यान पात्र कुटुंबेही भीतीपोटी योजनांपासून दूर राहिली. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये पन्नाशीवरील अल्प उत्पन्नाच्या सर्व रहिवाशांना, कागदपत्रे असोत वा नसोत, आपली राज्य विमायोजना खुली केली. परंतु जानेवारी २०२६ पासून कागदपत्रे नसलेल्या प्रौढांची नवी नोंदणी थांबवली. २०२५ च्या संघीय कायद्याने मेडिकेअरची पात्रता मुख्यतः नागरिक व कायम रहिवासी यांच्यापुरती आखली. त्यामुळे २००१ पासून तात्पुरत्या संरक्षणावर राहणाऱ्या एल साल्वादोरच्या नागरिकांसारखे गट, वर्षानुवर्षे कर भरूनही, या योजनेच्या बाहेर पडतात.

मायदेशी परतणे हाही सोपा उपाय नाही. मेडिकेअर सामान्यतः अमेरिकेबाहेरील उपचारांचा खर्च देत नाही. दोन देशांतील नोकरीची वर्षे एकत्र धरण्याचा अमेरिका-मेक्सिको करार २००४ मध्ये स्वाक्षरित झाला. तो अद्याप अमलात आलेला नाही. त्यामुळे ज्याने निम्मे आयुष्य एका देशात व निम्मे दुसऱ्या देशात श्रम केले, तो वृद्ध दोन्ही देशांच्या हिशेबात अपुरा ठरू शकतो.

भाषा आणि कुटुंब :

विमा मिळाला तरी दवाखान्यात भाषेची अडचण उरतेच. २००० मधील अध्यक्षीय आदेशाने संघीय निधी घेणाऱ्या संस्थांना इंग्रजी न येणाऱ्यांसाठी भाषासाहाय्याची मार्गदर्शक चौकट घालून दिली. हा आदेश मार्च २०२५ मध्ये मागे घेण्यात आला. नागरी हक्क कायदा व २०१० चा आरोग्यसेवा कायदा यांतील तरतुदी मात्र कायम आहेत. प्रत्यक्षात दुभाष्याचे काम अनेकदा घरातील मुलगी किंवा नातू करतो. आजोबा आपल्या लघवीच्या तक्रारी नातवासमोर सांगत नाहीत आणि डॉक्टरांनी उच्चारलेला कर्करोग हा शब्द मुलगी आईला सांगत नाही. भाषांतर प्रेमापोटीच अपुरे राहते. यावर उपाय म्हणून त्याच समाजातील प्रशिक्षित आरोग्यसेविका, ज्यांना 'प्रोमोतोरा' म्हणतात, घरोघर जाऊन मधुमेह, आहार व औषधे यांविषयी माहिती देतात. आपल्याकडील 'आशा' कार्यकर्तीशी तिचे बरेच साम्य आहे.

कुटुंबनिष्ठा, म्हणजेच 'फामिलिस्मो', हा या समाजाचा मोठा आधार मानला जातो आणि तो खरा आहे. परंतु कुटुंब वृद्धांना सांभाळते, हे विधान अधिक नेमकेपणाने तपासले असता ते बहुधा 'घरातील मुलगी सांभाळते' असे निघते. ही मुलगी स्वतः नोकरी करीत असते आणि तिची नोकरी सहसा रजा देणारी नसते. हा आधार अमर्याद नाही, याचा पुरावाही उपलब्ध आहे. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटे रुग्णालय. अमेरिकेत या नावाने परावलंबी वृद्धांच्या दीर्घकालीन शुश्रूषेची निवासी केंद्रे ओळखली जातात. १९९९ ते २००८ या काळात अशा केंद्रांतील वृद्ध हिस्पॅनिकांची संख्या ५४.९ टक्क्यांनी वाढली, तर गौरवर्णीय वृद्धांची १०.२ टक्क्यांनी घटली. गौरवर्णीय वृद्ध घरपोच सेवा व साहाय्ययुक्त निवास अशा अधिक चांगल्या पर्यायांकडे वळत असताना हिस्पॅनिक वृद्ध या केंद्रांकडे येत होते. आपली माणसे आईवडिलांना घराबाहेर ठेवत नाहीत, हे गृहीत धरून धोरण आखल्यास ते वास्तवाच्या मागे पडते.

२०२० ची कसोटी :

कोविड महासाथीने हा सर्व प्रश्न ठळकपणे पुढे आणला. २०१९ मध्ये हिस्पॅनिकांचे आयुर्मान सुमारे ८१.९ वर्षे होते. २०२१ पर्यंत ते ७८ वर्षांखाली आले. दोन वर्षांत सुमारे चार वर्षांची ही घट गौरवर्णीयांच्या घटीच्या जवळपास दुप्पट होती. कोणतीही संस्कृती किंवा जनुके दोन वर्षांत बदलत नाहीत. बदलली ती परिस्थिती. शेते, मांसप्रक्रियेचे कारखाने, स्वयंपाकघरे, साफसफाई अशी घरी बसून न करता येणारी कामे, एकाच घरात तीन पिढ्या, मधुमेहाचे आधीचे प्रमाण आणि विम्याचा अभाव यांचा एकत्रित परिणाम झाला. ज्या एकत्र कुटुंबाने वृद्धांना वर्षानुवर्षे आधार दिला, त्याच्याच दाटीतून संसर्ग त्यांच्यापर्यंत पोहोचला. पुढे आयुर्मान सावरले, २०२२ मध्ये ते ८० वर्षांवर आले. तथापि हा लाभ अभेद्य नसून परिस्थितीसापेक्ष आहे, हे या अनुभवाने सिद्ध केले.

भारतीय संदर्भ :

या विषयाचा मराठी वाचकांशी एक प्रत्यक्ष संबंध आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलामुलींनी ग्रीन कार्डावर बोलावून घेतलेले आपल्याकडील आईवडील हे उशिरा स्थलांतर करणाऱ्यांच्याच वर्गात मोडतात. त्यांच्या मुलांचे उत्पन्न व शिक्षण वेगळे असल्याने दोन्ही गटांची सर्वार्थाने तुलना करणे योग्य होणार नाही. परंतु पाच वर्षांची प्रतीक्षा, दहा वर्षांच्या नोकरीची अट आणि मायदेशातील उपचारांना न मिळणारे विमासंरक्षण हे नियम त्यांनाही तसेच लागू आहेत. भारत व अमेरिका यांच्यातही निवृत्तिविषयक वर्षे एकत्र धरण्याचा करार नाही. वाहन व भाषा यांवाचून घरात एकटे पडण्याचा अनुभवही वेगळा नाही.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, हिस्पॅनिक वृद्धांचे दीर्घायुष्य ही वस्तुस्थिती आहे. मात्र त्यावरून त्यांच्या आरोग्याविषयी समाधानकारक निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. कमी मृत्युदरामागे निरोगी माणसांचीच होणारी निवड, कमी धूम्रपान, काही अंशी परतीचे स्थलांतर आणि मोहल्ल्याचा आधार ही कारणे आहेत. परावलंबित्वामागे कष्टाची झीज, अपुरा उपचार झालेला मधुमेह, भाषा आणि कायद्याने लांबवलेली सेवा ही कारणे आहेत. दोन्ही कारणमालिका वेगवेगळ्या असल्याने एकीचे यश दुसरीच्या अपयशावर पांघरूण घालते.

म्हणून वार्धक्याचा अभ्यास करणाऱ्यांनी आयुर्मानाबरोबर स्वावलंबी आयुर्मानाचा आकडा स्वतंत्रपणे मांडणे, 'हिस्पॅनिक' या सरासरीऐवजी मूळ देश व स्थलांतराचे वय यांनुसार गट पाडणे, आणि कुटुंबाच्या आधाराचा विचार करताना तो आधार देणाऱ्या स्त्रीचाही विचार करणे अगत्याचे आहे. धोरणकर्त्यांच्या दृष्टीने मधुमेह व रक्तदाब यांवरील उपचार मध्यम वयातच सुरू होणे सर्वाधिक फलदायी ठरेल. कारण ६५ व्या वर्षी मिळालेला विमा त्याआधीच्या वीस वर्षांचे नुकसान भरून काढू शकत नाही. माणूस किती जगला याची नोंद मृत्यूच्या दाखल्यावर होते. तो कसा जगला याची नोंद त्याला अंघोळ स्वतः करता येत होती काय, या साध्या प्रश्नाच्या उत्तरात असते. दोन्ही नोंदी एकत्र वाचल्या तरच वार्धक्याचे खरे चित्र समोर येते.